मुंबईचे घड्याळ आणि सोलापूरचा रोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रमजान तोंडावर आला की मराठी वर्तमानपत्रांत दोन गोष्टी ठरलेल्या. एक, मोहम्मद अली रोडच्या खाऊगल्लीचा फोटो. दुसरी, पानाच्या कोपऱ्यात दोन ओळींची चौकट, सहरी अमुक वाजता आणि इफ्तार तमुक वाजता. फोटोबद्दल काही म्हणणे नाही. चौकटीबद्दल आहे. अनेकदा तिच्यातली वेळ मुंबईची असते आणि तीच नांदेड, सोलापूर, नागपूरच्या वाचकांपर्यंत जशीच्या तशी पोचते. बाकीच्या पानांवर एवढी चूक खपून जाईल. रोज्यात मात्र सगळा हिशोबच मिनिटांचा असतो.

एका रेखांशाला चार मिनिटे, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेले असते. मुंबई 73 अंशांच्या किंचित अलीकडे, नागपूर 79 च्या पलीकडे. फरक सव्वासहा अंशांचा, म्हणजे पंचवीस मिनिटांचा. नांदेड जवळजवळ मुंबईच्याच अक्षांशावर आहे, म्हणून तिथला हिशोब सरळ आहे. बाराही महिने अठरा मिनिटे. इतर ठिकाणी अक्षांश मध्ये येतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सोलापूरची सहरी मुंबईच्या साधारण तेरा मिनिटे आधी संपते, पण इफ्तार अकराच मिनिटे आधी होतो. नागपूरला सहरी चोवीस मिनिटे आधी, इफ्तार सत्तावीस. कोल्हापूरला सहरीत सहा-सात मिनिटांचा फरक पडतो आणि इफ्तारमध्ये जेमतेम तीन-चारचा. मे-जूनमध्ये हाच झुकाव उलटा होतो. त्यामुळे ‘सोलापूरकरांनी बारा मिनिटे वजा करावीत’ अशी तळटीप टाकून सुटका होत नाही. गावागणिक तक्ताच हवा.

ही चूक कोणत्या बाजूला पडते तेही पाहण्यासारखे आहे. मुंबईची वेळ बघून सोलापुरात सहरी करणारा माणूस सुबह सादिक, म्हणजे रोजा सुरू होण्याची पहाट, उजाडल्यावरही तेरा मिनिटे खात बसतो. जंत्रीत, म्हणजे वेळांच्या छापील तक्त्यात, सावधगिरीची दोन-तीन मिनिटे धरलेली असतात, ती सोडली तरी दहा उरतातच. त्याचा रोजा गेला, कजा, म्हणजे तो रोजा नंतर भरून देणे, मागे लागली, आणि हे त्याच्या गावीही नसते. दिवसभर तो उपाशी मात्र राहतो. संध्याकाळी अकरा मिनिटे जास्त थांबतो. त्याने रोजा बिघडत नाही, पण वेळ झाल्यावर इफ्तार लांबवणे चांगले मानलेले नाही. याउलट नागपूरची जंत्री खिशात घालून मुंबईत उतरलेला पाहुणा सूर्य समोर दिसत असताना खजूर तोंडात टाकील. प्रवासाचा नियम सोपा आहे. त्या क्षणी गाडी जिथे असेल तिथली वेळ. सोलापूरहून दुपारी मुंबईकडे निघालेल्याने इफ्तारसाठी सोलापूरचे घड्याळ धरू नये. पश्चिमेकडे जाणाऱ्याचा रोजा काही मिनिटांनी लांबतो, पूर्वेकडे जाणाऱ्याचा आखूड होतो.

पूर्वी ही उणीव मशिदीचा भोंगा भरून काढायचा. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद असतात, आणि आपल्याकडे फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजाची, वेळ वर्षभर सहाच्या आतच लागते. नियमावर वाद घालण्यासाठी हे पत्र नाही. मुद्दा एवढाच की आता सहरी संपल्याची खूण कानावर पडत नाही, ती कुठेतरी वाचावी लागते. म्हणून छापील वेळेची जबाबदारी वाढली आहे.

मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. मोबाइलवरच्या नमाजाच्या अॅपमध्ये वेळ काढण्याची पद्धत निवडावी लागते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. पहाटेची सुरुवात सूर्य क्षितिजाखाली 18 अंशांवर असताना धरायची की 15 अंशांवर, यावर पद्धती वेगळ्या आहेत. आपल्याकडच्या जंत्र्या बहुतकरून 18 अंश धरतात, आणि अॅपच्या यादीत ही पद्धत ‘कराची’ या नावाने सापडते. उत्तर अमेरिकेची 15 अंशांची पद्धत चुकून निवडलेली राहिली तर सहरीला बारा-तेरा मिनिटे फुकटची मिळतात आणि रोजा तितकाच धोक्यात येतो. दुसरी खोच असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची. हनफी आणि शाफई या दोन सुन्नी परंपरांच्या असरच्या वेळेत पाऊण तासाहून जास्त अंतर असते. कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. रत्नागिरीच्या भावाने पाठवलेला स्क्रीनशॉट सोलापूरच्या भावाला त्या रकान्यापुरता निरुपयोगी. तिसरी गोष्ट, लोकेशन बंद असेल तर अॅप मागच्या गावाची वेळ दाखवत राहते.

आणि अजान संपेपर्यंत खाता येते, हा गैरसमज एकदा ठळक अक्षरांत खोडून काढावा. फजरची अजान वेळ लागल्यानंतर दिली जाते. घास त्याच्या आधी संपलेला असला पाहिजे. चांगल्या जंत्रीत सहरी संपण्याची वेळ आणि फजर सुरू होण्याची वेळ असे दोन रकाने असतात, मध्ये पाच ते दहा मिनिटांचे अंतर असते. ते अंतर चूळ भरण्यासाठी आहे, दुसऱ्या चहासाठी नाही.

संपादकांनी आणखी एक साधी गोष्ट पाहावी. वर्तमानपत्र दारात पडते सहाच्या सुमारास. ‘आजची सहरी’ तोवर होऊन गेलेली असते. छापायची तर आजचा इफ्तार आणि उद्याची सहरी छापा. धुळवडीसारख्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अंक नसतो, म्हणून रोजच्या चौकटीपेक्षा महिन्याचा तक्ता एकदम देणे बरे. तो दरवर्षी नव्याने काढावा लागत नाही. एखाद्या गावात 1 मार्चला सूर्य ज्या मिनिटाला मावळतो, दर 1 मार्चला तो फार तर एखाद्या मिनिटाच्या फरकाने तिथेच मावळतो. बदलते ती फक्त चंद्राची तारीख. 2023 मध्ये आपल्याकडे पहिला रोजा 24 मार्चला होता, 2024 मध्ये 12 मार्चला, 2025 मध्ये 2 मार्चला. दरसाल दहा-बारा दिवस मागे. या चालीने 2030 मध्ये जानेवारीत एक आणि डिसेंबरअखेर दुसरा, असे एका इंग्रजी वर्षात दोन रमजान सुरू होतील. एकदा प्रत्येक जिल्ह्याचा वर्षभराचा तक्ता करून ठेवला की पुढची कित्येक वर्षे नुसत्या तारखा जुळवायच्या. तक्त्याखाली दोन ओळी जरूर असाव्यात. शिया जमातीचा इफ्तार सूर्यास्तानंतर पूर्वेची लाली सरल्यावर, म्हणजे काही मिनिटे उशिरा होतो. दाऊदी बोहरा समाजाचे पंचांग गणिती असल्यामुळे त्यांचा महिना एखाद-दोन दिवस आधी सुरू होतो आणि कायम तीस दिवसांचा असतो.

आता खाऊगल्लीच्या पानाबद्दल. रमजानच्या पुरवणीत इफ्तारच्या पाककृती भरभरून येतात. पण या महिन्यात घराघरांत कमी पडते ते अन्न नव्हे, झोप. पंधराव्या रोज्यानंतर कामावर डुलक्या, घरात चिडचिड, गाडी चालवताना ताबा सुटणे, हे सगळे भुकेच्या नावावर खपते. रात्रीचा हिशोब मांडला की कारण लगेच दिसते.

फेब्रुवारीच्या अखेरीस सोलापुरात इफ्तार साधारण साडेसहाला, इशाची, म्हणजे रात्रीच्या नमाजाची, जमात आठ-सव्वाआठला. तरावीह, म्हणजे रमजानच्या रात्रीची खास नमाज, वीस रकात (आवर्तने) आणि शेवटची वित्रची नमाज धरून साडेनऊ-पावणेदहाला माणूस मशिदीबाहेर पडतो. सहरी संपते साडेपाचच्या सुमारास, म्हणजे उठायचे साडेचारला. सव्वादहाला पाठ टेकली तर सव्वासहा तास मिळतात. दुपारी जुहरच्या नमाजाआधी किंवा नंतर वीस-पंचवीस मिनिटांचा कैलूला, म्हणजे डुलकी, घेतला की गाडी रुळावर राहते. आता हाच माणूस तरावीहनंतर चौकात चहाला थांबला, मग कबाबच्या गाडीवर, मग अंथरुणात मोबाइल. एक वाजला. साडेतीन तास. ही तूट भरायला तो फजरनंतर नऊपर्यंत झोपतो, धडपडत कामावर जातो, आणि संध्याकाळी असरनंतर पुन्हा झोपतो. असरनंतरची तासाभराची झोप रात्रीची झोप पळवते. चार दिवसांत शरीराचे घड्याळ पुरते उलटे होते. तरावीहनंतर थेट घर, एवढा एक नियम पाळला तर बाकीचे नियोजन निम्म्याने सोपे होते.

दुकानदारांची अडचण वेगळी आहे, त्यांचा धंदाच रात्रीचा. काही मशिदींत दहा दिवसांत कुराण पूर्ण करणारी तरावीह असते, रोज तीन पारे, म्हणजे कुराणाच्या तीस भागांपैकी तीन. ती संपली म्हणजे तरावीह संपली असे धरून उरलेले वीस दिवस दांडी मारणारे खूप. कुराण पूर्ण झाले तरी तरावीह महिनाभराची आहे, उरलेल्या रात्री छोट्या सुरतींनी (अध्यायांनी) घरी किंवा दुकानात पढता येते. नेहमीच्या मशिदीत सव्वा पाऱ्याच्या आसपास रोज होतो आणि सत्ताविसाव्या रात्री कुराण पूर्ण होते. स्वतः एक कुराण वाचून पूर्ण करायचे असेल तर पंधरा ओळींच्या प्रतीत एका पाऱ्याची साधारण वीस पाने धरा. पाच नमाजांनंतर चार-चार पाने. एका बैठकीत वीस पाने उरकू म्हणणारे सातव्या दिवशी मागे पडतात आणि शेवटच्या आठवड्यात नुसती पाने उलटतात.

गजराबद्दलही सांगायला हवे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत सहरी सतरा-अठरा मिनिटांनी अलीकडे सरकते, इफ्तार आठ-नऊ मिनिटांनी पुढे जातो. पहिल्या दिवशी लावलेला गजर तसाच ठेवला की विसाव्या रोज्याला घास गिळायची घाई होते. दर पाच दिवसांनी गजर तीन मिनिटे मागे घ्यावा.

तयारी खरी शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, होते. मागच्या वर्षीचे कजा रोजे बाकी असतील तर ते आधी फेडावेत. घरातल्या बायकांचे बहुधा असतातच, आणि कामाच्या रगाड्यात तेच राहून जातात. त्यानिमित्ताने पोटाला आणि डोक्याला सवयही होते. पहिल्या तीन रोज्यांत कपाळ ठणकते ते भुकेने कमी आणि चहा तुटल्याने जास्त. दिवसाला पाच कप घेणाऱ्याने दोन आठवडे आधी सकाळचा दहाचा कप सोडावा, मग दुपारचा, आणि शेवटच्या आठवड्यात एक पहाटे आणि एक संध्याकाळी एवढ्यावर यावे. तंबाखू आणि मिशरीचेही तसेच. मिशरीला कोणी व्यसनात धरत नाही, म्हणून तिची तयारी कोणी करत नाही, आणि मग पहिल्याच दिवशी अकरा वाजता घरातल्या थोरल्या बाईचा जीव कासावीस होतो. रोज्यात मिशरी चालत नाही. महिनाभर आधी फेऱ्या कमी कराव्यात. सुटली तर सुटलीच.

मधुमेह, रक्तदाब, किडनीचा त्रास असणाऱ्यांनी रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना गाठावे. आदल्या दिवशी जाऊन ‘गोळी कधी घेऊ’ विचारण्यात अर्थ नाही, कारण मात्रा बदलून तिचा परिणाम पाहायला दिवस लागतात. इन्सुलिन आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या यांत खरा धोका आहे. बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर इफ्तारला दहाच मिनिटे उरली असली तरी रोजा सोडायचा. आजारी, प्रवासी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना सवलत आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

स्वयंपाकघराकडे वळू. रमजानचे वेळापत्रक बहुतेक पुरुष लिहितात, त्यामुळे त्यात सहरी साडेचारला ‘सुरू’ होते. पण साडेचारला ताटात पडणाऱ्या पोळीसाठी कोणीतरी चारला उठलेले असते, आणि रात्री भांडी आवरून तीच बाई सर्वांच्या शेवटी झोपलेली असते. घरात सर्वांत कमी झोप तिची. नियोजन करायचे तर तिच्या झोपेपासून करा. सहरीची भाजी म्हणजे रात्रीच्या जेवणातली बाजूला काढलेली. कणीक रात्रीच मळून फ्रीजमध्ये. आठवड्यातून दोन-तीन दिवस तर तवाच ठेवू नये. सोलापूरकडे कडक भाकरी मिळते, ती कुस्करून दह्यात दहा मिनिटे भिजवली, सोबत एक उकडलेले अंडे आणि केळे घेतले की दुपारपर्यंत पोट धरून राहते. शेंगाचटणी मात्र त्यावर चमचाभरच, तिखटमिठाने दुपारी घसा सुकतो. लोणचे, पापड, शिळी भजी सहरीला नकोतच.

शाबानच्या शेवटच्या आठवड्यात दोन दुपारी मोकळ्या काढल्या तर महिनाभराची दमछाक वाचते. आले-लसूण वाटताना लसूण दोन भाग, आले एक भाग, पाण्याऐवजी तेल आणि थोडे मीठ. पाणी घालून वाटलेले फ्रीजमध्ये आठवड्याभरात आंबूस होते. बर्फाच्या साच्यात गोठवून वड्या पिशवीत भरल्या की एका भाजीला एक वडी पुरते. शामी कबाबला किलोभर मटणाला पाव किलो हरभराडाळ. डाळ वाढली की कबाब कोरडे होतात, पाणी राहिले की तव्यावर फुटतात, म्हणून शिजवल्यावर पाणी पुरते आटवूनच वाटावे. थापून, मध्ये बटर पेपर घालून गोठवावे, आणि एका वेळी लागतील तेवढेच बाहेर काढावे. एकदा सुटलेले पुन्हा गोठवू नये. ज्या भागात भारनियमन आहे तिथे आठवड्याचाच साठा करावा, महिन्याचा नको. हरभरे-काबुली एकदम किलोभर भिजवून उकडून डब्यांत गोठवले तर रोजचा भिजवण्याचा विसर टळतो. खजुराचा हिशोब असा की पाच माणसे, रोज तीन, तीस दिवस म्हणजे साडेचारशे खजूर. बाजारातला नेहमीचा खजूर आठ-दहा ग्रॅमचा असतो, चार किलो पुरे. पहिल्या चंद्राच्या संध्याकाळी बाजारात भाव आणि गर्दी दोन्ही वाढलेली असतात, तेव्हा पिशवी घेऊन निघू नये.

इफ्तारच्या आधीचा अर्धा तास सर्वांत वाया जातो. सहाला कढई चढते, सव्वासहाला सगळे घर स्वयंपाकघरात, आणि दुआ मागायची जी घडी ती समोसे उलटण्यात जाते. तळणीचा एकच पदार्थ आणि सहा-पाचला गॅस बंद, अशी शिस्त लावून बघा. सब्जा वीस मिनिटे आधी भिजत घालायचा. फळे शेवटी कापायची, आधी सफरचंद आणि केळे कापले तर काळे पडते, लिंबाचे चार थेंब टाकावेत. दस्तरखान अंथरणे, पाणी भरणे, खजूर मांडणे ही कामे मुलांची आणि पुरुषांची. तीन खजूर, दोन पेले पाणी, थोडे फळ, मग मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, आणि नमाजानंतर नीट जेवण. बैठकीलाच भजी, सरबत, बिर्याणी सगळे उरकले की तरावीहच्या सातव्या-आठव्या रकातीला पोट जड होऊन डोळे मिटतात. पाण्याचेही तेच. इफ्तारला दोन पेले, मगरिबनंतर एक, इशाला निघताना एक, परतल्यावर एक, झोपताना एक, सहरीला दोन. पाव लिटरचा पेला धरला तर दोन लिटर झाले. पहाटे एकदम लिटरभर ढोसलेले पाणी तासाभरात निघून जाते, अंगी लागत नाही.

यंदा आणि पुढच्या काही वर्षी सर्वांत अवघड स्थिती दहावी-बारावीच्या मुलांची. रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला आहे आणि बोर्डाची परीक्षाही तेव्हाच. 2025 मध्ये बारावी 11 फेब्रुवारीला आणि दहावी 21 फेब्रुवारीला सुरू झाली आणि मध्येच 2 मार्चला पहिला रोजा आला. परीक्षेसाठी रोजा सोडावा का, हा घरच्यांनी आणि आलिमांनी (धर्मपंडितांनी) बघण्याचा प्रश्न आहे. इथे फक्त घड्याळाचे बोलू. सकाळचा पेपर अकराला, केंद्रावर साडेदहाला हजर. अशा दिवशी रात्री दहाला झोप, साडेचारला सहरी, फजरनंतर पावणेसहा ते साडेसात उजळणी, मग तासभर पडून साडेनऊला बाहेर. फजरनंतरचे हे पावणेदोन तास दिवसातले सर्वांत लखलखीत असतात. ते झोपेत घालवून दुपारी पुस्तक उघडणाऱ्याच्या डोक्यात काही शिरत नाही. दुपारच्या सत्राचा पेपर खरा कठीण. तीनला सुरू, वाढीव दहा मिनिटे धरून सहा-दहाला संपतो, आणि केंद्र तालुक्याच्या गावी असले तर इफ्तार एसटीत किंवा दुचाकीवर होतो. अशा मुलाच्या दप्तरात खजुराची पुडी आणि पाण्याची बाटली सकाळीच ठेवावी. शाबानमध्ये सोमवारी किंवा गुरुवारी दोन-तीन नफिल (ऐच्छिक) रोजे धरून त्याच दिवशी दुपारी तीन ते सहा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवली तर पाच वाजता हात कसा चालतो हे आधीच कळते. बहुतेकांचे अक्षर शेवटच्या प्रश्नाला बिघडते, म्हणून जास्त गुणांचे प्रश्न आधी उरकावेत. परीक्षेचे पंधरा दिवस तरावीह घरी पढली तरी चालते. शेजारच्यांनी पोरगा मशिदीत दिसला नाही म्हणून चौकशी करू नये, एवढे उपकार करावेत.

नोकरदारांसाठी थोडक्यात. डोके लावायचे काम बाराच्या आत. हिशोबाची तपासणी, वाटाघाटी, अवघड पत्रे साडेतीन-चारला ठेवू नयेत. जेवणाची सुट्टी वाया न घालवता तिच्यात जुहर आणि डुलकी बसते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी असते. पाळी सातला बदलत असेल तर इफ्तार मागासमोरच होतो. मालकाशी आधी बोलून पाळीबदल अर्ध्या तासाने अलीकडे घेता येतो, आणि त्याची भरपाई सकाळी देता येते. हे बोलणे शाबानमध्ये व्हावे, तिसऱ्या रोज्याला नव्हे. दुचाकीवाल्यांना कळकळीची विनंती. संध्याकाळी सहा ते साडेसहा अंगातली साखर सर्वांत कमी, मावळतीचे ऊन डोळ्यांत, आणि घर गाठायची घाई. डिकीत तीन खजूर आणि पाणी ठेवा, वेळ झाली की गाडी बाजूला घ्या. रस्त्याकडेला सोडलेला रोजा घरच्या रोज्याइतकाच पुरा असतो.

शेवटचे दहा दिवस इबादतीचे, आणि नेमके त्याच दिवसांत बाजार रात्रभर उघडा असतो. उपाय जुनाच आहे. कपडे शिवायचे तर शब-ए-बरातच्या, म्हणजे शाबानच्या पंधराव्या रात्रीच्या, आत शिंप्याकडे टाकावेत. दहाव्या-बाराव्या रोज्यानंतर चांगला शिंपी कापड घेत नाही आणि घेतले तर चाँदरातीला काज-बटणासाठी उभे करतो. शेवया, खसखस, चारोळी, सुकामेवा विसाव्या रोज्याच्या आत आणून कातरून डब्यात भरावा. एतिकाफला, म्हणजे शेवटचे दहा दिवस मशिदीतच राहून इबादत करायला, बसायचे असेल तर विसाव्या रोज्याला सूर्यास्तापूर्वी मशिदीत शिरावे लागते, म्हणून रजेचा अर्ज महिनाभर आधी. ईदची सुट्टी एकोणतीस-तीसच्या फेऱ्यात अडकते, तेव्हा अर्जात दोन्ही तारखा लिहाव्यात.

जकात, म्हणजे संपत्तीतला गरिबांसाठीचा बंधनकारक हिस्सा, शाबानमध्येच मोजून काढावी. निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, 612 ग्रॅम चांदीच्या किमतीइतका, दर अडीच टक्के, लाखाला अडीच हजार. सत्ताविसाव्या रोज्याला दिलेल्या पैशातून गरिबाचा किराणा उशिरा भरतो. पहिल्या आठवड्यात दिले तर त्याच्याही सहरीला दही असते. फित्रा, म्हणजे ईदचे माणशी दान, ईदच्या नमाजाच्या आधी. गव्हाच्या हिशोबात माणशी पावणेदोन किलोपासून दोन किलो पंचेचाळीस ग्रॅमपर्यंत उलेमा सांगतात, आपल्या मशिदीत जे ठरले ते धरावे.

तेव्हा मागणी एवढीच. शाबानच्या दुसऱ्या पंधरवड्यात एक अर्धे पान द्यावे. त्यावर आपल्या आवृत्तीतल्या प्रत्येक जिल्ह्याचा महिन्याचा तक्ता, सहरी आणि फजर वेगळ्या रकान्यांत, आणि खाली वेळ कोणत्या अंशाने काढली ते. स्थानिक मशिदीच्या जंत्रीशी आधी ताडून घ्यावे. पान भिंतीला चिकटवता येईल असे एकाच बाजूला छापावे, मागे कोणाची श्रद्धांजली किंवा निविदा नको. आणि आकडे मोठे ठेवावेत, पहाटे साडेचारला चष्मा सापडत नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर